मॉरिशस : उसातले काळे दगड

एअरपोर्टवरून निघालो तर दोन्ही बाजूला नुसता ऊस. बायको म्हणाली, अहो, हे तर आपलं सांगली साईडच झालं की, समुद्र कुठंय? समुद्र आहेच म्हणा, चारी बाजूंनी, बेट उभं जेमतेम 65 किलोमीटर आणि आडवं 45. पण माझं लक्ष गेलं ते उसाच्या मधोमध रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगाऱ्यांकडे, काही तर घराएवढे. ड्रायव्हरकाका हिंदीत म्हणाले, ये हमारे पुरखों ने खेत साफ करते हुए हाथ से उठाया है साहब.

दगड बघितला तर अगदी आपल्या सह्याद्रीचा. आणि गंमत म्हणजे नातं खरंच आहे! जमिनीखालच्या ज्या तप्त जागेने साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा ओतला तीच पुढे मॉरिशस घडवून गेली, आता ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली धुमसतेय.

इतिहास थोडक्यात सांगतो. 1598 ला डच आले, नाव ठेवलं, त्यांच्या काळात डोडो संपला, मग फ्रेंच, 1810 ला इंग्रज. 1835 ला गुलामी बंद झाली, पण ऊस काय थांबणार होता? त्याच्या आदल्याच वर्षापासून करारावर भारतातून मजूर आणायला सुरुवात झालेली, पुढे साडेचार लाखांच्या वर माणसं आली, बहुतेक कलकत्त्याहून पण मुंबईहून मराठी माणसंही. म्हणून तर इथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे जवळपास फक्त साखर, एक चक्रीवादळ आलं की देशाचा खिसा रिकामा. मग 1970 नंतर कापडाचे कारखाने, नंतर टुरिझम, बँकिंग. आता साखरेचा वाटा फार कमी उरलाय, ऊस मात्र डोळ्यांना सगळीकडे दिसतो.

राजधानी पोर्ट लुईला आप्रवासी घाट बघितला, म्हणजे भारतातून आलेले हे मजूर जिथं उतरायचे तो धक्का. बोटीतून उतरलेले मजूर ज्या पायऱ्या चढून आत गेले त्या पायऱ्याही त्याच काळ्या दगडाच्या. मी उगाच हात लावून बघितला, म्हणजे सह्याद्रीखालच्या गावातून निघालेला कुणी महिनाभर समुद्र ओलांडून आला आणि पहिला पाय पडला तो परत आपल्याच दगडावर, आणि पुढे जन्मभर तोच उचलत बसायचा!

बाहेर पडलो तर भूक लागलेली. कोपऱ्यावर दालपुरी मिळाली, आत वाटलेली डाळ भरलेली, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. बायकोने एक घास खाल्ला आणि म्हणाली, साखरेच्या देशात येऊन यांनी पुरणपोळी तिखट केली.