पेटरसनच्या भरवशावर कप जिंकता येईल का?

बर्नबी, १७ एप्रिल २०२५

काल व्हँकुव्हर कनक्स या आमच्या आइस हॉकी संघाचा एनएचएलमधला (उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमधला) हंगाम संपला. ८२ सामने, ९० गुण आणि प्लेऑफ हुकलं. गेल्या वर्षी याच संघाने १०९ गुण मिळवून पॅसिफिक विभाग जिंकला होता आणि दुसऱ्या फेरीत एडमंटनला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवलं होतं. आज दिवसभर जो भेटला तो कनक्सचा सेंटर (आक्रमणातला मधला खेळाडू) एलियास पेटरसन याच्याबद्दलच बोलत होता, आणि बहुतेकांचा निकाल आधीच लागलेला होता: या माणसाला घेऊन स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकणं शक्य नाही. मला ते पटत नाही. का पटत नाही, ते नीट लिहून काढावंसं वाटलं.

आकडे वाईट आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. ६४ सामन्यांत १५ गोल, ३० असिस्ट (गोल घडवणारे पास). प्रत्येक गोलचा आणि असिस्टचा खेळाडूला एक पॉइंट, म्हणजे ४५ पॉइंट. वर्षाला सरासरी १ कोटी १६ लाख डॉलरचा आठ वर्षांचा करार, आणि त्याचं हे पहिलंच वर्ष. दोन वर्षांपूर्वी याच मुलाने १०२ पॉइंट केले होते. त्याआधी, १९ वर्षांचा असताना, स्वीडनच्या सर्वोच्च लीगमध्ये ४४ सामन्यांत ५६ पॉइंट करून तो तिथे सगळ्यांच्या पुढे होता. इथे आल्यावर पहिल्याच सामन्यात गोल केला आणि त्या हंगामाअखेर सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा काल्डर करंडकही घेतला. गुणवत्तेबद्दल व्हँकुव्हरमध्ये कुणालाच शंका नाही, आणि म्हणूनच लोक एवढे चिडले आहेत.

मला २०१३ चा जोनाथन टेव्स आठवतो. शिकागोचा कर्णधार, पहिल्या लाइनचा (तिघा आक्रमकांच्या तुकडीचा) सेंटर. त्या वर्षी प्लेऑफच्या पहिल्या नऊ सामन्यांत त्याचा एकही गोल नव्हता. दुसऱ्या फेरीत डेट्रॉईटने हेन्रिक झेटरबर्गला त्याच्या मागे लावलं होतं. चौथ्या सामन्यात टेव्सचा संयम सुटला आणि एकाच पिरियडमध्ये त्याने लागोपाठ तीन पेनल्ट्या घेतल्या. संघातला सहकारी ब्रेंट सीब्रुक पेनल्टी बॉक्सपाशी (शिक्षा झालेला खेळाडू बसतो तिथे) गेला आणि त्याला शांत करत राहिला. ते दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. शिकागो तो सामना हरलं, मालिकेत १-३ ने मागे पडलं. पाचव्या सामन्यात टेव्सचा गोल आला, सातवा सामना जादा वेळेत सीब्रुकनेच संपवला आणि जूनमध्ये कप शिकागोत आला. २३ सामन्यांत टेव्सचे गोल किती? तीन. पण अंतिम फेरीत बोस्टनविरुद्ध निर्णायक सामन्यात शिकागोचा पहिला गोल त्याचा होता, आणि शेवटच्या दीड मिनिटात बरोबरी साधणाऱ्या गोलचा पासही त्याचाच. त्याच्या आदल्या सामन्यात जोराचा मार बसल्यामुळे तिसरा पिरियड त्याने बाकावर बसून काढला होता.

शिकागोने टेव्सच्या नेतृत्वाखाली तीन कप घेतले. त्यांतल्या २०१० च्या हंगामात त्याचे ६८ पॉइंट होते आणि २०१५ मध्ये ६६. त्याने सर्वाधिक पॉइंट, ८१, केले ते २०१८-१९ मध्ये, आणि त्या वर्षी शिकागो प्लेऑफलाही पोहोचलं नाही. हा एक आकडा मी आज दोघांना सांगितला. दोघेही थोडा वेळ गप्प झाले.

डेट्रॉईटच्या स्टीव्ह आयझरमनचंही तसंच. १९८८-८९ मध्ये १५५ पॉइंट, आणि डेट्रॉईट पहिल्याच फेरीत बाहेर. पुढे प्रशिक्षक म्हणून स्कॉटी बोमन आले, त्यांनी त्याला बचावाकडे वळवलं, पॉइंट उतरले. १९९७-९८ मध्ये त्याचे ६९ पॉइंट होते. त्या वर्षी सलग दुसरा कप आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ करंडक, दोन्ही त्याच्याकडे. आणि गेल्या जूनमध्ये काय झालं? एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने प्लेऑफमध्ये ४२ पॉइंट केले, कॉन स्मिथही त्यालाच मिळाला, पण कप उचलला फ्लोरिडाच्या अलेक्झांडर बार्कोव्हने, २२ पॉइंटवाल्याने.

म्हणजे पॉइंट कमी असले तरी चालतं, एवढं म्हणून मला थांबता येत नाही. इथेच पेटरसनच्या बाजूने बोलणारे घाई करतात. टेव्सच्या काठीतून गोल येत नव्हते तेव्हाही तो दर रात्री समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक लाइनसमोर उभा राहत होता, स्वतःच्या गोलजवळचे फेसऑफ (पक, म्हणजे खेळायची चकती, दोघांमध्ये टाकून खेळ सुरू करतात ती झटापट) जिंकत होता. बचावात सर्वोत्तम फॉरवर्डला मिळणारा सेल्की करंडक त्याला त्याच वर्षी मिळाला. गोल आटले, बाकीचा खेळ आटला नाही. पेटरसनचं या हिवाळ्यात तसं नव्हतं. मागे येऊन पक हिसकावण्याची त्याची नजर अजून शाबूत आहे, अनेक सामन्यांत ती दिसली. पण त्याने शॉट मारणंच कमी केलं. पॉवर प्लेवर (समोरचा एक खेळाडू शिक्षेत असताना) उजव्या वर्तुळातून येणारा तो सणसणीत वन-टाइमर, म्हणजे पास न थांबवता थेट मारलेला शॉट, ज्याच्या भीतीने समोरचे चौघे एका बाजूला सरकायचे, तो येईनासा झाला; आलेला पास नुसता पुढे सरकवला जायचा. भीती संपली की बाकीच्यांना मोकळी जागा मिळत नाही. ही गोष्ट पॉइंटच्या तक्त्यात दिसत नाही, आणि मला ४५ या आकड्यापेक्षा तीच जास्त टोचते.

गुडघ्याचा प्रश्नही विसरू नये. गेल्या सप्टेंबरमध्ये त्याने स्वतः सांगितलं की जानेवारीपासून गुडघ्याच्या स्नायुबंधाचा त्रास होता. २०२४ च्या प्लेऑफमधला १३ सामन्यांत एक गोल त्याच काळातला. मार्चच्या शेवटी पुन्हा जखमी होऊन तो बाहेर बसला. शरीर साथ देत नसताना मनही कचरतं, आणि या शहरात कचरणाऱ्याला दोन दिवसही उसंत मिळत नाही.

शिवाय त्याच्याभोवती काय होतं तेही पाहावं लागेल. आयझरमनच्या मागे सर्गेई फेदोरोव्ह आणि इगोर लॅरिओनोव्ह होते, म्हणून ६९ पॉइंटमध्ये भागलं. पेटरसनच्या जोडीला जे. टी. मिलर होता, गेल्या वर्षी १०३ पॉइंटवाला. दोघांचं पटत नाही, हे कनक्सच्या व्यवस्थापनाचे प्रमुख जिम रदरफर्ड यांनी जानेवारीत वर्तमानपत्राला उघड सांगून टाकलं आणि महिना संपता संपता मिलरला न्यूयॉर्कला पाठवलं. त्यानंतर दुसऱ्या सेंटरची जागा खऱ्या अर्थाने भरलीच नाही. कर्णधार क्विन ह्यूजने ६८ सामन्यांत ७६ पॉइंट केले, पण तो डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, आहे. नेतृत्वाचं ओझं त्याने उचललं, सेंटरची जागा तो भरून काढणार नाही.

आमच्या इथे कनक्सच्याच हेन्रिक सेडीनचाही असाच हिशोब झाला होता. २०११ च्या अंतिम फेरीत सात सामन्यांत एक गोल, आणि शहराने त्याला मऊ ठरवलं. त्याच्या आदल्या वर्षी तो लीगमध्ये पॉइंटच्या तक्त्यात पहिला होता. आज त्याचा क्रमांक रिंकच्या छताला आहे.

१ जुलैला पेटरसनच्या करारातलं कलम लागू होतं. त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. म्हणून पुढचे दहा आठवडे रोज कुणीतरी नवा सौदा सुचवणार. मी व्यवस्थापनात असतो तर फोन उचलला नसता. वय २६, उंच, दोन्ही बाजूंनी खेळणारा सेंटर विकून तसाच दुसरा मिळत नाही. ते कष्ट दुसरा सेंटर आणण्यात घालावेत, आणि पेटरसनला या उन्हाळ्यात गुडघा बरा करू द्यावा. सप्टेंबरच्या कॅम्पमध्ये मी त्याचे पॉइंट मोजणार नाही. उजव्या वर्तुळात पास आल्यावर तो शॉट मारतो की नाही, तेवढं पाहीन.