आमची वाटचाल : पत्र्याचा डबा आणि बाराशे दारं

२००६ साली बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका खोलीत सर्वेक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आमचं सामान म्हणजे दहा पॅड, प्रश्नावलीचे गठ्ठे आणि कुलपाचा पत्र्याचा डबा. पक्षांची चिन्हं छापलेली चिठ्ठी माणसाच्या हाती द्यायची, आपण पाठ फिरवायची, त्यानं खूण करून फटीतून आत टाकायची. आता टॅब आलेत, तरी तो डबा मी मोडीत घातलेला नाही. तोंडावर विचारलं की माणूस समोरच्याचं मन राखतो.

सोबत अक्का होत्या, कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या. चिक्कोडी, हुक्केरीकडे आम्ही जोडीनं फिरायचो. तोच प्रश्न मी विचारला की एक उत्तर, अक्कांनी विचारला की दुसरं. सीमाप्रश्नाला हात लागला की तर हमखास.

२०१८ च्या विधानसभेनं आम्हाला जवळजवळ बुडवलं. सीमेलगतच्या एका मतदारसंघात बाराशे मुलाखती केल्या. मतदार यादीतून ठरावीक अंतरानं नावं काढलेली, पोरं मे महिन्याच्या उन्हात दारोदार हिंडलेली. बाराशेंवर आमचा आकडा आणि खरा आकडा यांतला हिशेबी फरक सहसा तीन टक्क्यांच्या आत बसतो. निकाल उलटा लागला. नंतर रात्र-रात्र गठ्ठे उपसले. अक्का त्या वर्षी आजारी होत्या, कन्नड वस्त्यांतही आमची मराठी पोरंच गेली होती, आणि तिथं ‘अजून ठरलं नाही’ म्हणणारे दुप्पट होते. गोव्याला, पुण्याला कामाला गेलेले मतदानादिवशी गावी आले. ते आमच्या कागदात कधी नव्हतेच.

त्याच मतदारसंघात दुसऱ्या एका कंपनीनं फॉर्म हॉटेलात बसून भरले. आमच्याकडून तिकडे गेलेल्या पोरानंच मला हे सांगितलं. त्यांचा आकडा बरोबर आला! पुढची तीन वर्षं आमची गिऱ्हाइकं त्यांच्या दारात. अजून ते घशाखाली उतरत नाही. शहापूरचे एक साडीवाले तेवढे टिकले. कुठल्या गावात कुठला काठ चालतो एवढंच त्यांना हवं असायचं, आणि पैसे ते आगाऊ द्यायचे. त्या पैशांवर भाडं निघालं.

पोल विकत घेणाऱ्यांनो, नुसते किती लोक विचारले ते बघू नका. अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त उत्तरं होती, तरी त्यांनी अंदाजात रूझवेल्टना हरवलं, कारण पत्ते टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या याद्यांतले. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. आपल्याकडे २०२४ ला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं, मिळाल्या २९३. मतांच्या टक्क्यांवरून जागा काढणं हे वेगळंच गणित आहे, दोन टक्के हलले की जागा धडाधड पडतात. किती दारं उघडली नाहीत, कुणी विचारलं, कुठल्या भाषेत, घरातल्या बाईला विचारलं की दारात आलेल्या पुरुषालाच, हे लेखी मागा. देत नसतील तर पैसे देऊ नका.

अक्का आता घरूनच बॅकचेकचे, म्हणजे मुलाखत खरंच झाली का हे पडताळायचे फोन करतात, दहा फॉर्ममागे दोन. परवा बैलहोंगलच्या एक बाई त्यांना म्हणाल्या, “माझ्याकडं कुणी आलंच नाही.” त्या पोराचे सगळे फॉर्म त्याच संध्याकाळी बाद केले.