कुत्र्याला रक्त लागतं तेव्हा: चिंगीच्या टिक फिवरचा माझा अनुभव

कुत्र्यालाही रक्त चढवतात आणि ते दुसऱ्या कुत्र्यानेच द्यावं लागतं, हे आमच्या भांडुपमध्ये कुत्री पाळणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नाहीये, म्हणून सगळं नीट लिहितेय, लांबेल थोडं पण वाचा.

आमची चिंगी इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, वजन 15 किलो. पाऊस सरत आला तसं तिचं खाणं कमी झालं, जिना चढताना मधेच बसायला लागली, आईने ओठ वर करून बघितलं तर हिरड्या पांढऱ्याफटक. तशीच रिक्षात घालून नेहमीच्या क्लिनिकला नेली. डॉक्टर मॅडमनी रक्त काढलं, स्लाइड बघितली, सीबीसी केलं. एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचिडीतून होणारा टिक फिवर. प्लेटलेट 20 हजारांच्या खाली, खरं तर 2 लाखांच्या वर हव्यात, आणि पीसीव्ही 13. पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत तो आकडा, धडधाकट कुत्र्यात साधारण 37 ते 55 असतो. मॅडम म्हणाल्या, "डॉक्सीसायक्लीन आजच सुरू करू, पण औषधाचा परिणाम दिसेपर्यंत ही थांबू शकणार नाही. डोनर बघूया."

परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, 1883 पासूनचं, पण त्या अवस्थेत तिला ट्रॅफिकमधून तिथवर न्यायची माझी हिंमत होत नव्हती. आणि इथेच क्लिनिकच्या ग्रुपचं महत्त्व कळलं. या क्लिनिकने आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या कुत्र्यांची एक यादी करून ठेवलीय, मालकांना विचारून, आधीच तपासून. वजन 25 किलोच्या वर, वय साधारण 1 ते 8 वर्षं, लसीकरण आणि जंताचं औषध वेळच्या वेळी, टिक फिवर कधी झालेला नाही, आणि स्वतःला कधी रक्त चढवलेलं नाही. मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला आणि चहा संपायच्या आत कांजूरच्या एका काकांचा फोन, "आमचा ब्रूनो जेवलाय, चालेल ना? निघतो आम्ही."

ब्रूनो लॅब्रॅडोर, चांगला 34 किलोचा. आल्यावर त्याची परत टिक फिवरची किट टेस्ट, त्याचा पीसीव्ही, मग क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघायची टेस्ट. मॅडमनी समजावलं की कुत्र्यांमध्ये डीईए 1 हा ब्लड ग्रुप सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे परक्या रक्तावर हल्ला करणारी प्रथिनं, सहसा जन्मतः नसतात, त्यामुळे पहिल्या वेळी रिॲक्शनचा धोका कमी, तरी क्रॉसमॅच केलेलं बरं. दुसऱ्यांदा मात्र ते करावंच लागतं. रक्त मानेच्या शिरेतून काढतात. काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन सारखे बोलत होते त्याच्याशी आणि तो बिचारा हललाही नाही. एका वेळी साधारण 450 मिली घेतात, एवढ्या मोठ्या कुत्र्याच्या अंगात अडीच लिटरच्या वर रक्त असतं, त्यामुळे त्याला काही त्रास होत नाही. नंतर पाणी, खाऊ, आणि त्या दिवशी धावपळ नाही, बस.

चिंगीला किती द्यायचं त्याचा हिशोब मॅडमनी कागदावर करून दाखवला. किलोमागे 2 मिली दिलं की पीसीव्ही साधारण 1 ने वाढतो, म्हणजे 15 किलोला 300 मिली दिलं तर 10 ने. सुरुवातीचा अर्धा तास अगदी थेंब थेंब, ताप, श्वास, उलटी, अंगावर गांधी, सगळ्यावर लक्ष, मग थोडं वाढवायचं, आणि एकूण 4 तासांच्या आत संपवायचं. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी पीसीव्ही 22 आला आणि संध्याकाळी तिने उकडलेली अंडी खाल्ली, आई तर देवापुढे साखर ठेवून आली.

डॉक्सीसायक्लीनचा कोर्स 28 दिवसांचा असतो. कुत्रा बरा दिसायला लागला की लोक मधेच गोळ्या बंद करतात, प्लीज करू नका. गोळी खाण्यासोबतच द्यायची, रिकाम्या पोटी उलटी होते. आणि घर साफ करायलाच हवं. गोचिडी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त भिंतीच्या भेगांत, पलंगाखाली, पडद्यामागे असतात, एक मादी हजारो अंडी घालते आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेत त्या वर्षभर जगतात. आम्ही भेगा बुजवल्या, तिची गोणपाटं फेकून दिली, गोचिडीची गोळी आता वर्षभर चालू ठेवतो, फक्त पावसाळ्यात नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुत्र्याला पण गोळी सुरू केली, कारण एकाच बिल्डिंगमध्ये एका घराने करून उपयोग नाही.

ब्रूनोच्या काकांना पैसे विचारले तर त्यांनी हात जोडले. चिंगी स्वतः आता डोनर होऊ शकत नाही, टिक फिवरही झालाय आणि रक्तही घेतलंय. म्हणून मी क्लिनिकची यादी सांभाळायचं काम घेतलंय, कोणाचं लसीकरण कधी, कोणी मागच्या वेळी कधी रक्त दिलं, रात्री कोणाला फोन केला तर चालेल.

तुमच्याकडे 25 किलोच्या वरचा कुत्रा असेल तर पुढच्या लसीच्या वेळीच जवळच्या क्लिनिकमध्ये डोनर तपासणीचं विचारा. आणि मांजरवाल्यांनो, तुमची तर जास्त गरज आहे. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी ग्रुप असतात, दुसऱ्या ग्रुपविरुद्धच्या अँटिबॉडी बहुतेकांच्या अंगात आधीपासूनच असतात, त्यामुळे पहिल्याच वेळी जिवावर बेतू शकतं, ग्रुप आधी माहीत असलेलाच बरा. आमच्या यादीत मांजरं अजून अगदीच कमी आहेत, भांडुप, कांजूर, मुलुंड, कुठलीही चालतील.