तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त रेंगाळतं तिथं

"मॅडम, तुम्ही मेकॅनिकलच्या, मग रक्तवाहिन्यांत कशा?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न ठरलेला.

बाबांना लकवा मारला. नागपुरात रामदासपेठेत डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) झाला, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर मेंदूला रक्त नेणारी, मानेतली कॅरोटिड धमनी काढली आणि तिच्या फाट्यावर पेनानं टिंब दिलं: ब्लॉकेज इथं. एवढी लांब धमनी सोडून इथंच का? मी फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे प्रवाहाचं शास्त्र, शिकवते, तरी मला सांगता येईना.

फाट्यापाशी धमनी थोडी फुगते. मुख्य झोत मधल्या भिंतीला घासून पुढं जातो; बाहेरच्या भिंतीशी मात्र रक्त भोवरा घेतं, दर ठोक्याला मागंपुढं होतं. वेगवान रक्तानं भिंत खराब होते, असं मला वाटायचं. कॅरो नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये उलटं मांडलं: घर्षण कमी, तिथं चरबी. "म्हणजे नाग नदीतल्या गाळासारखं!" असं लोक म्हणतात. तसं नाही हो. गाळ वजनानं बसतो. इथं भिंतीचं अस्तर जिवंत आहे. त्याला रक्ताचं घासणं कळतं, ते हवंही असतं. निरोगी धमनीत हे घर्षण साधारण 1 ते 7 पास्कल (हे त्याचं एकक). 0.4 च्या खाली गेलं की अस्तर बिघडू लागतं.

हे घर्षण जिवंत माणसात थेट मोजणं फार अवघड, म्हणून संगणकावर मॉडेल. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनवरून धमनीचा आकार घ्यायचा, त्याचे लाखो तुकडे करायचे, प्रत्येकात प्रवाहाची, नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं सोडवायची. खरी गोम टोकांशी असते. स्कॅनमध्ये धमनी कापली जाते, शरीर तर पुढं चालूच असतं. त्या उरलेल्या शरीराच्या जागी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांच्या 1899 च्या विंडकेसल कल्पनेतून आलेलं सोपं मॉडेल जोडतात: एक लवचीक पिशवी आणि अडथळा. अडथळ्याचा आकडा बदलला की अख्खं चित्र बदलतं. म्हणून विद्यार्थी रंगीत चित्र घेऊन आला की मी आधी विचारते, टोकाला काय धरलंस?

बाबांच्या बंद बाजूवर मॉडेल चालवून कारण कळलं नसतं. मुळातला आकारच उरला नव्हता. मग दुसऱ्या, बऱ्या बाजूवर चालवलं. डॉक्टरांनी टिंब दिलं होतं, तशाच जागी बाहेरच्या भिंतीवर निळा पट्टा आला, कमी घर्षणाचा. अजून तिथं काही साठलेलं नाही. दर वर्षी डॉप्लरला मी बाबांसोबत जाते आणि स्क्रीनवर आधी तीच जागा शोधते.