छोट्या बागेत सुबाभूळ नकोच

पुण्यात जुन्या बंगल्यांच्या कंपाऊंडला लागून नाहीतर सोसायटीच्या मागच्या बाजूला एखादी तरी सुबाभूळ असतेच, आणि बहुतेक वेळा ती कुणी लावलेली नसते, आपली आपण उगवलेली असते. मग लोक म्हणतात असू दे की, फुकटात सावली देतेय. मला हे अजिबात पटत नाही.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे चारा आणि सरपण म्हणून त्याचा जोरात प्रसार झाला. कितीही तोडा, बुंध्यातून परत फुटतं, सरपणासाठी हाच गुण कामाचा, पण छोट्या बागेत तोच डोकेदुखी होतो. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 100 सगळ्यात त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे ते.

आमच्या भिंतीपलीकडे एक आहे. चपट्या तपकिरी शेंगांचे घोस वाळून वाऱ्यावर खुळखुळत असतात, मग तडकतात आणि त्या चकचकीत बिया कुंड्यांत, फरशीच्या फटीत, गटाराच्या जाळीत कुठेही पडतात, पहिला पाऊस झाला की बघायलाच नको. रोप बोटभर असताना ओल्या मातीत उपटलं तर मुळासकट येतं, पेन्सिलीएवढं जाड झालं की सोटमूळ खोल गेलेलं असतं, वरचा भाग तेवढा हातात येतो आणि खालून परत कोंब. बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे झाड काढलं तरी रोपं येतच राहतात.

आणि सावलीचं म्हणाल तर ती बाकी झाडांच्या जीवावर असते हो! मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन नाही मिळालं तर नुसती पानं वाढतात, कळ्या फारशा धरतच नाहीत. तुळस उंच किडकिडीत होते, मिरची-टोमॅटोचं तर नावच काढू नका.

मोठं झाड आपल्या आवारात असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय तोडता येत नाही, म्हणून प्लीज लहान असतानाच काढा. पाला कंपोस्टला मस्त, पण शेंगा चुकूनही टाकू नका.

लाल फुलांचं पिचकारीचं झाड पण आययूसीएनच्या त्याच यादीतलं, नर्सरीवाला कितीही म्हणाला तरी घेऊ नका. सावली हवीच असेल तर कांचन लावा, जागा बरी असेल तर बहावा, आणि अगदीच कोपरा असेल तर पारिजातक, तो छाटून हवा तेवढाच ठेवता येतो.