पहिल्या कम्युनियननंतर रिकामे होणारे बाक

पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा आम्हा कॅथलिकांचा संस्कार, उरकलं की पुढच्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गातले कितीतरी बाक रिकामे दिसतात. मुलाची आई बाहेर भेटते आणि हसून म्हणते, "झालं बाई एकदाचं त्याचं!" काय झालं, असं विचारायचा मोह मी दरवर्षी आवरते.

रविवारचा वर्ग मी बरीच वर्षं घेते आहे. लहानगी, मधली, कन्फर्मेशनची (बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणारा संस्कार), सगळ्या वयाची मुलं हाताखालून गेली. घरची तीन वेगळीच. एवढ्यावरून माझं मत ठाम झालंय: लहानपणी आपण मुलांच्या डोक्यात फार कोंबतो, आणि त्यांना खरी भूक लागते तोवर पंगत उठलेली असते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला शिकवायचं तरी काय? क्रुसाची खूण. समोर उभं राहून दाखवली तर मुलं डावं-उजवं उलटं करतात, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहते आणि मान वळवून बघत राहते. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. एवढं नीट, सावकाश आलं तरी तो रविवार सत्कारणी लागला. रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती या बायबलच्या अभ्यासक बाईंनी माँटेसरीच्या वाटेनं जाणाऱ्या जान्ना गोब्बी यांच्यासोबत अगदी तीन वर्षांच्या मुलांपासूनचं धर्मशिक्षण सुरू केलं. त्यात येशूनं सांगितलेला उत्तम मेंढपाळाचा दाखला (मेंढपाळ तो, मेंढरं आपण) लाकडी मेंढपाळ आणि मेंढरं घेऊन सांगतात. मग मूल स्वतः ती मेंढरं वाड्यात नेतं, बाहेर काढतं, पुन्हा नेतं. मध्ये बोलायचं नाही, हे शिक्षकाला सगळ्यात जड जातं.

मग येतं सातवं वर्ष. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या लॅटरन परिषदेनं वर्षातून एकदा कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) आणि कम्युनियन सक्तीचं केलं ते "समज आलेल्या" वयापासून. आकडा घातला नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत ताटकळत ठेवलं जायचं. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी सांगितलं, समज साधारण सातव्या वर्षी येते, उगाच थांबवू नका. आणि किती यायला हवं? आपल्या कुवतीप्रमाणे ख्रिस्ताचं रहस्य समजावं, श्रद्धेनं आणि भक्तीनं स्वीकारता यावं. मूल मरणाच्या दारात असेल तर ख्रिस्ताचं शरीर आणि साधं अन्न यातला फरक कळला आणि आदरानं घेता आलं तरी पुरे. चर्चचा कायदा इतका मोकळ्या हाताचा आहे. पानंच्या पानं घोकून घ्यायची हौस आपली.

(पाठांतराला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. "नमो मरिया" ही प्रार्थना तोंडपाठ नसेल तर आजारपणात रात्री दोन वाजता पुस्तक कोण शोधणार?)

कम्युनियनच्या आधी कन्फेशन. त्याच्या तयारीत मी दहा आज्ञांची यादी हातात देत नाही, त्याला कारण आहे. दुसऱ्या एका वर्गातून आलेल्या आठ वर्षांच्या पठ्ठ्याच्या कागदावर सहाव्या आज्ञेपुढे "व्यभिचार – दोनदा" असं लिहिलेलं होतं. कागद त्यानंच मला दाखवला. का लिहिलं, तर म्हणे कुठलाच नंबर गाळायचा नसतो. मी मुलांना एवढंच विचारते, "या आठवड्यात घरात तुझ्यामुळे कोण रडलं?" उत्तर यायला वेळ लागत नाही.

नऊ ते अकरा हा सुखाचा काळ. संतांच्या गोष्टी, नकाशावर पौलाचे प्रवास, याद्या, नावं, काहीही द्या, हौसेनं घेतात.

बाराव्या-तेराव्या वर्षी सूर बदलतो. नेमकी इथेच आपण मुलं सोडतो, किंवा कन्फर्मेशनचं आमिष दाखवून बसवून ठेवतो. मला ते मुळीच पटत नाही. लॅटिन चर्चच्या (कॅथलिकांची मोठी, पाश्चात्त्य शाखा) कायद्यात कन्फर्मेशनचं वय समज आल्यापासूनचंच आहे. बिशपांची परिषद ते बदलू शकते, म्हणून कुठे लवकर, कुठे सोळाव्या वर्षी. पौर्वात्य कॅथलिक परंपरेत तर तान्ह्या बाळालाही बाप्तिस्म्यासोबतच देतात. ते काही वर्ग संपल्याचं सर्टिफिकेट नव्हे.

गेल्या वर्षी एका चौदा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. "टीचर, माझी मैत्रीण दुसऱ्या धर्माची आहे. ती स्वर्गात जाणार नाही का?" अशा वेळी "मोठी झालीस की कळेल" म्हटलं की मूल गेलंच म्हणून समजा. मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६४ चा चर्चविषयीचा दस्तऐवज 'लुमेन जेन्सियुम' उघडला, सोळावा परिच्छेद. आपला दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलेलं नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि त्याच्या कृपेनं विवेकाला धरून जगायला बघतात, त्यांनाही तारण मिळू शकतं, असं तिथे आहे. तिनं वाचलं आणि लगेच दुसरा चेंडू टाकला, "मग आम्हाला रविवारी सकाळी का उठवता?"

वर्ग खदखदून हसला. प्रश्न मात्र रास्त होता आणि तो बरेच रविवार पुरला. या वयासाठी २०११ मध्ये आलेलं 'यूकॅट' हे तरुणांसाठीचं धर्मशिक्षणाचं पुस्तक हाताशी ठेवावं. तरुणांचे प्रश्न आणि नेमकी उत्तरं. पण निम्मं काम घरीच व्हायला हवं. पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये लिहून ठेवलंय की कुटुंबातलं धर्मशिक्षण बाकी सगळ्या शिक्षणाच्या आधी येतं आणि सोबतही चालतं. शुक्रवारचा मांसत्याग चौदाव्या वर्षापासून लागू होतो. तो आईबापच पाळत नसतील, तर मी फळ्यावर लिहून काय उजेड पाडणार?

ती मुलगी यंदा लाकडी मेंढरांच्या गटात माझ्या मदतीला आहे. फादरांनी आधी भुवया उंचावल्या, मग हो म्हणाले. परवा एका चिमुरड्यानं तिला विचारलं, वाड्याबाहेरच्या मेंढरांचं काय? ती पळतच माझ्याकडे आली. मी तिला 'लुमेन जेन्सियुम'चं तेच पुस्तक दिलं आणि या वेळी सतरावा परिच्छेद वाचायला सांगितला, सुवार्ता सगळीकडे न्यायच्या कामाविषयीचा. पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.