जड गेम अडखळत होता आणि सर्व्हिस सेंटरला दोष सापडत नव्हता : माझा अनुभव

लॅपटॉप सर्व्हिस सेंटरमधून ‘नो फॉल्ट फाउंड’ असा शेरा घेऊन परत यावा आणि घरी चालू करताच तोच दोष पुन्हा समोर उभा राहावा, याचा संताप अजून माझ्या मनातून गेलेला नाही. मी मालवणजवळ, समुद्राला अगदी लागून राहतो आणि आमच्या लॅपटॉपच्या कंपनीचे अधिकृत सेंटर घाटावर, कोल्हापुरात आहे. ऐन पावसात फोंडा घाट चढून लॅपटॉप नेणे आणि तसाच परत आणणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. गेम अडखळण्याची कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मला ज्या कारणाने छळले ते कोणीच सांगितले नव्हते, म्हणून हे लिहीत आहे.

‘सायबरपंक 2077’ हा गेम माझ्या लॅपटॉपवर मध्यम सेटिंगला 60 एफपीएसच्या आसपास चालत असे, म्हणजे सेकंदाला साधारण 60 चित्रे (फ्रेम) पडद्यावर येत. पावसाळा सुरू झाल्यावर तो मधूनच दहाच्याही खाली घसरू लागला. आवाज तुटे, माउस हलवल्यावर दृश्य मागाहून वळे. हा गेम एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येतो, त्यामुळे नेटवर्कचा किंवा पिंगचा (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा) प्रश्न पहिल्यालाच निकालात निघाला. ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांनी हा फरक आधी करून घ्यावा : एफपीएस स्थिर असून समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे सरकत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा असतो, आणि एफपीएसच कोसळत असेल तर लॅपटॉपचा.

नेहमीचे उपाय कुडाळच्या एका दुरुस्तीवाल्यांकडून भराभर झाले. पंख्यातली धूळ निघाली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली, रॅमची दुसरी पट्टी बसवली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मी घरीच नव्याने टाकला आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ लावून दिले. गेम एसएसडीवरच, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवरच, होता. सप्टेंबर 2023 मधल्या 2.0 अपडेटपासून या गेमच्या अधिकृत किमान गरजांमध्ये एसएसडी आहे, हे जुन्या हार्ड डिस्कवर खेळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. या सगळ्याने तापमान चांगले उतरले, पण गेम अडखळायचा तो अडखळतच राहिला.

खरा धागा मिळाला तो विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये. त्याच्या ‘परफॉर्मन्स’ भागात प्रोसेसरचा चालू वेग दिसतो. एरवी 4 गिगाहर्ट्झपर्यंत चढणारा माझा इंटेल प्रोसेसर तिथे 0.79 गिगाहर्ट्झवर खिळून बसलेला होता. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान पाहिले तर ते जेमतेम 55 अंश. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, हे बहुतेकांना माहीत असते, पण ते 95 ते 100 अंशांच्या घरात घडते. गेम चालू असताना थंड प्रोसेसर इतका खाली येतो तेव्हा बहुधा त्याला बाहेरून संकेत देऊन कोणीतरी रोखलेले असते. अशा एका संकेताला ‘बीडी प्रॉकहॉट’ म्हणतात. मदरबोर्डवरचा दुसरा एखादा भाग, वीजपुरवठ्याचे सर्किट किंवा चार्जरची ओळख तपासणारी यंत्रणा, हा संकेत देऊन प्रोसेसरला हळू चालायला भाग पाडू शकते.

ही सगळी माहिती, स्क्रीनच्या फोटोंसह, मी सेंटरच्या काउंटरवर मांडली. तिथल्या कर्मचाऱ्याने जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, तक्रार लिहिली ती इतकीच : ‘गेम लॅग’. वेगाचा आकडा लिहा, अशी मी विनंती केली, तर तेवढी जागा नसल्याचे उत्तर मिळाले. बॅटरी चार्ज होता होता मध्येच थांबते, हेही मी सांगितले. त्यावर ते बॅटरी जपण्याचे सेटिंग असल्याचे मला ठामपणे ऐकवण्यात आले, वास्तविक ते सेटिंग बंद होते. अडॅप्टर मी सोबत नेला होता, तो काउंटरवरूनच परत दिला गेला, कारण ‘ॲक्सेसरीज जमा करून घेत नाही’ असा त्यांचा नियम. लॅपटॉप आत गेला, त्यांच्या टेबलावरच्या अडॅप्टरवर त्यांची तपासणी झाली आणि अर्थातच ती पास झाली. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या परवानगीने विंडोज नव्याने टाकले, मी जपून ठेवलेले गेमचे सेव्ह परत आणायचे काम माझ्या गळ्यात पडले, आणि शेरा पुन्हा तोच. ‘तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल’ हे वाक्य तर मला इतक्यांदा ऐकावे लागले की शेवटी मी घरी इलेक्ट्रिशियन बोलावून व्होल्टेज मोजून घेतले. ते व्यवस्थित होते. कोकणातून आलेल्या माणसाची तक्रार विजेच्या नावावर ढकलून देणे सोपे असते, आणि हेच मला सर्वांत जास्त लागले.

गणपतीला मुंबईहून चुलतभाऊ आला. त्याचा लॅपटॉप त्याच कंपनीचा, अडॅप्टरही तेवढ्याच, 180 वॅटचा. आरती आटोपल्यावर माझी तक्रार ऐकून तो म्हणाला, “माझो चार्जर लावून बघ.” लावला मात्र, टास्क मॅनेजरमधला आकडा 0.79 वरून थेट 3.9 वर गेला. माझा लावला की काही वेळाने पुन्हा 0.79. टॉर्च घेऊन माझ्या अडॅप्टरच्या टोकात पाहिले, तर मधल्या बारीक पिनवर हिरवट थर चढलेला होता. या पिनमधून वीज येत नाही. हा अडॅप्टर किती वॅटचा आहे, ही ओळख ती लॅपटॉपला सांगते. ओळख पटली नाही की लॅपटॉप बॅटरी चार्ज करणे थांबवतो आणि प्रोसेसरला दाबून ठेवतो. आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत दाराच्या कड्या गंजतात, तिथे ही पिन कशी टिकणार?

आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसल्यावर थोडा वेळ आराम पडला, पण संपर्क पुन्हा तुटू लागला. मग दोन्ही अडॅप्टरवरचा वेग एकाच व्हिडिओत दाखवून मी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केला. वॉरंटीत अडॅप्टरही येतो, हे काउंटरवर कोणी बोलले नव्हते; या ईमेलनंतर मात्र नवा अडॅप्टर कुरिअरने घरपोच आला आणि गेम त्या दिवसापासून सुरळीत चालला आहे. त्या संध्याकाळी मी रात्रीच्या जेवणालाही उठलो नाही.

म्हणून सेंटरला जाल तेव्हा आपल्याच अडॅप्टरवर, आपल्यासमोर तपासणी करण्याचा आग्रह धरा, आणि जॉबशीटवर ‘लॅग’ न लिहिता ‘स्वतःच्या अडॅप्टरवर वेग 0.79 गिगाहर्ट्झ, तापमान 55 अंश’ असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) जोडलेल्या अडॅप्टरचे वॅटेज दिसते. तिथे ‘अननोन’ आले तर घाट चढण्याआधी ओळखीच्या कोणाचा तरी त्याच कंपनीचा अडॅप्टर लावून पाहा.

प्रोसेसरच्या वेगावरची बंधने बदलणाऱ्या थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये बीडी प्रॉकहॉटची खूण काढून टाकली की वेग लगेच परत येतो, असा सल्ला मलाही मिळाला होता. तो संकेत संरक्षणासाठी असतो, तेव्हा कारण सापडण्याआधी तो बंद करणे मला पटत नाही. स्वस्तातला बिनकंपनीचा अडॅप्टर घेणार असाल तर त्यात ही ओळख सांगणारी चिप आहे का, ते आधी विचारा. आणि पावसाळ्यात अडॅप्टर खिडकीपाशी लोंबकळत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा. मी आता तसेच करतो.